पुठ्ठ्यातली पानं

लंडन, १७ फेब्रुवारी, बुधवार

सकाळीच माझी लेक टॅमसिन छोट्या नातीला, हेस्टरला, काखेत मारून आली आणि म्हणाली, "बाबा, आज तुमच्या बाकाजवळ कुणाला फिरकू देऊ नका." माझ्या बाकाजवळ मांजराखेरीज फिरकतं कोण? मागोमाग तिचा नवरा जर्व्हिस आला, खांद्यावर गाठोडं. त्याच्या छापखान्यापासून माझं दार वीस पावलांवर, पण माणूस डोंगर उतरून आल्यासारखा घामाघूम झालेला. गाठोड्यात छापलेले ताव, शाईचा वास अजून ओला. 'तीन वर्षांचं वचन' असं पत्रकाचं नाव. लिहिणाऱ्याचं नाव नाही, छापणाऱ्याचंही नाही. मी घड्या घालायच्या, पाठीला तीन भोकं पाडून दोरा ओवायचा, आणि शनिवारी कालवंवाल्या डॉर्कसच्या टोपलीत भरायचं.

चाळीस वर्षं मी पुस्तकं बांधतो. शाळेत गेलो नाही. बापाच्या हाताखाली पुठ्ठे करताना रद्दीचे ताव खळ लावून एकावर एक चिकटवायचे असत. ते चिकटवण्याआधी वाचून काढायचे, हीच माझी शाळा. त्यामुळे डोक्यात निम्मी प्रवचनं आणि निम्मी औषधं आहेत, शेवट कशाचाच ठाऊक नाही. हे पत्रक मात्र शेवटपर्यंत वाचलं. म्हणणं असं की, या राजाच्या बापाने एका कायद्याला मान डोलावली होती. तीन वर्षांतून एकदा तरी पार्लमेंट बोलवावं, आणि राजाने नाहीच बोलावलं तर लोकांनी आपणहून माणसं निवडून बसवावीत. त्या बापाचं डोकं याच शहरात उडवलं, त्याला पंधरा वर्षं झाली. मुलाला परत आणून गादीवर बसवलं, त्याला चार होतील. आता मुलाला तो कायदा बुटातल्या खड्यासारखा टोचतोय आणि पुसून टाकायचा घाट चाललाय. लेखक म्हणतो, "घराच्या धन्याने जेवायला हाक मारली नाही म्हणून लेकरं उपाशी मरत नाहीत. ती आपणच चूल पेटवतात, आणि धनी आला की विचारतात, इतके दिवस होतास कुठे?"

मी मांडीवर थाप मारली. जर्व्हिसला विचारलं, "हा पंडित कोण रे? ऑक्सफर्डचा वकील असणार."

"असेल," तो हसला.

"भेटला तर टोपी काढून वाकेन मी त्याच्यापुढे."

टॅमसिन चुलीशी होती. म्हणाली, "वाकू नका बाबा. कंबर धरेल तुमची."

एक खोड मात्र काढली. तिसऱ्या पानावर बायबलातले दाखले इतके कोंबलेत की वाचताना ठसका लागतो. तर टॅमसिनने पळी आपटली. "दाखले नसले की म्हणतात लेखक नास्तिक! बाकावर बसून खोड काढायला तुमचं काय जातंय?" परक्या माणसासाठी पोर एवढी तापली. लहानपणीही अशीच होती, गल्लीतल्या कुत्र्याची बाजू घेऊन भांडायची.

२० फेब्रुवारी, शनिवार

डॉर्कस आली. टोपलीत वर कालवं, खाली आमची पत्रकं. बाईचं वय साठ, आवाज विशीतला.

"म्हातारबा, अजून आहात का?"

"तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलोय. मरायला सवड कुठली?"

"लावा लावा. आता दुसरं काय लावणार तुम्ही!"

मग तिने बातमी सांगितली आणि माझं हसू गेलं. असलंच काही छापलं म्हणून एका छापखानेवाल्यावर राजद्रोह शाबित झाला. आधी फाशी, मग धडाचे तुकडे, डोकं वेशीवर. "मला धरलं तर माझे तुकडे नाही हो करणार," डॉर्कस म्हणाली. "बायकांची अब्रू राखतात. बायकांना खांबाला बांधून नुसतं जाळतात." आणि खो खो हसली. टॅमसिन हेस्टरचे केस विंचरत होती. तिचा हात मध्येच थांबला. मी डॉर्कसला दटावलं, लेकराच्या कानांवर असलं नको.

ती गेल्यावर जर्व्हिसने वाया गेलेले ताव आणले. तिरके उठलेले, शाई फासलेले, एकाच अंगाला छापलेले, असे साठेक. "बाबा, हे आत्ताच्या आत्ता चुलीत."

तो होता तोवर मी चार ताव चुलीत घातले. तो वळला आणि माझा हात आखडला. फ्रेंच कागद! बोटांत धरला तर वाळल्या पानासारखा वाजतो. कागद जाळायचा तर आमच्या धंद्यातल्या माणसाने स्वतःची बोटं का जाळू नयेत? उरलेले पुठ्ठ्याच्या पेटीत टाकले. पुठ्ठ्याच्या पोटात गेलेलं कोण बघतंय?

२३ फेब्रुवारी, मंगळवार

उद्यापासून उपास लागणार म्हणून आज टॅमसिनने अंडी-लोण्याची धिरडी केली. मी पाच खाल्ली.

चर्चचे कारभारी क्रॅडॉक साहेब यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकाचे पुठ्ठे आज दाबाखालून काढले. फार देखणे उतरले. सहा सहा ताव, खळ पातळ, एक बुडबुडा नाही. वरून तपकिरी वासराचं कातडं. आतल्या पुस्तकात राजाच्या दीर्घायुष्याची प्रार्थना, आणि तिला आधार आमच्या पत्रकाचा! एकटाच बसून हसलो. कुणाला सांगितलं नाही.

टॅमसिनच्या मधल्या बोटाला शाई होती. विचारलं तर म्हणाली, डॉर्कसच्या भावाला पत्र लिहून दिलं. दुसऱ्यांची पत्रं फार लिहिते पोर. मध्यंतरी सबंध जानेवारी लिहीत होती. एवढं काय लिहायचं असतं लोकांना?

१० मार्च, गुरुवार

पत्रक गावभर झालं. खानावळीत एक सुतार मोठ्याने वाचत होता आणि तीस माणसं घास हातात धरून ऐकत होती. एकजण म्हणाला, लेखक मोठा सरदार आहे. दुसरा म्हणाला, दोन बिशपांनी मिळून लिहिलंय. मी माशाचे काटे काढत राहिलो, पण छाती फुगली होती. दोरा तर माझा आहे ना!

घरी येऊन बिशपांचं सांगितलं, तेव्हा टॅमसिन शालीच्या टोकाने डोळे पुसेपर्यंत हसली. "एकाला तरी स्वयंपाक येत असेल का हो बाबा, त्या दोघांत?" मग माझ्या ध्यानात आलं. ते धन्याचं आणि चुलीचं वाक्य टॅमसिन स्वतःच बोललेली! नाताळात जर्व्हिस दोन दिवस उशिरा घरी आला, तेव्हा दारातच हाणलं होतं तिने त्याला. जर्व्हिसनेच लेखकाला सांगितलं असणार. मोठी माणसं असंच उचलतात आमच्यासारख्यांचं, आणि नाव त्यांचं होतं. टॅमसिनला म्हटलं, "तुझं वाक्य चोरलं गं त्याने." ती म्हणाली, "जाऊ द्या. त्याच्याकडे बरं दिसतंय."

२२ मार्च, मंगळवार

काल राजाने भर पार्लमेंटात सांगितलं की तो कायदा मला नको. टॅमसिन सकाळपासून जेवली नाही. कायदा गेला म्हणून कोणी अन्न सोडतं का?

दुपारी एक गृहस्थ आले. हातमोजे, मऊ आवाज, दाराशी बूट झटकून आत आले. असं गिऱ्हाईक वर्षात एखादं. म्हणाले, "क्रॅडॉक साहेबांकडे तुमचं काम पाहिलं. पुठ्ठा म्हणावा तर असा! माझ्या तीस ग्रंथांना असाच हवा. रद्दी कुठून घेता?"

मी म्हटलं, "साहेब, बाजारची रद्दी मी घरात घेत नाही. तेलकट असते, कीड लागते. माझ्या पुठ्ठ्यात एकाच छापखान्याचा कागद. आमच्या जावयाचा."

"दुसरा कुठलाच नाही?"

"एक चिटोरंही नाही. चाळीस वर्षांचा नेम आहे."

"वा! जावयाचं नाव?"

सांगितलं. त्यांनी लिहूनही घेतलं. कामाची इतकी बारीक कदर करणारा माणूस मी पाहिला नव्हता. जाताना माझा हात हातात घेतला. टॅमसिनला सगळं हौसेने सांगितलं, तर ती तशीच छापखान्याकडे धावली. हेस्टर रडत राहिली.

२३ मार्च, बुधवार

जमेल तसं लिहितो.

क्रॅडॉकचं पुस्तक होडीतून नदी ओलांडताना पाण्यात पडलं होतं. पुठ्ठे फुगले, थर सुटले. कालचे गृहस्थ म्हणजे छापखान्यांच्या झडत्या घेणारे सरकारी अधिकारी. आज चार माणसं घेऊन आले. माझ्याच बाकावर, घड्या घालायच्या माझ्याच हाडी पट्टीने, त्यांनी तो पुठ्ठा थराथराने सोडवला. काय सफाईने सोडवला! तिसऱ्या थरात "घराच्या धन्याने" दिसलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगली खळ. एक अक्षर उडालं नाही."

जर्व्हिसने सकाळपर्यंत बरंच जाळलं होतं. पण शेवटच्या पानाचे अक्षरांचे खिळे चौकटीत अजून बांधलेले सापडले. इतके चांगले जुळवलेले खिळे विस्कटायला त्याचाही हात आखडला असेल का? जर्व्हिसला घेऊन गेले. मला दोरी बांधायला एक शिपाई पुढे आला, तर अधिकारी म्हणाले, "राहू दे म्हाताऱ्याला. असा साक्षीदार शोधून सापडणार नाही."

२५ मार्च, शुक्रवार

आज, पंचवीस मार्चला, रिवाजाप्रमाणे आमचं नवं वर्ष लागलं, सोळाशे चौसष्ट. चर्चला गेलो नाही. तिथे क्रॅडॉक असतो.

टॅमसिनपुढे गुडघे टेकले. म्हटलं, "मला शिव्या दे, थोबाडीत मार. माझ्या कागदाच्या हावेने तुझा नवरा खाल्ला." ती खाली माझ्याजवळच बसली आणि माझ्या बोटांवरची वाळलेली खळ नखाने काढत राहिली. म्हणाली, "तुम्ही एकटे नाही त्यात, बाबा." केवढं मन! स्वतःचा काडीचा दोष नसताना म्हाताऱ्याचा भार अर्धा उचलते.

२९ मार्च, मंगळवार

तुरुंगात जर्व्हिसला भेटलो. पायात बेडी, दाढी वाढलेली. मी रडायला लागलो तर म्हणाला, "अहो बाबा, पुठ्ठा कसला केला होतात! नदीत पडला तरी अक्षर पुसलं नाही. आता गिऱ्हाइकांची रांग लागेल." असा माणूस आहे. असल्या जागी मला हसवतो.

आत जाण्याआधी बाहेर त्या अधिकाऱ्याने मला गाठून स्वच्छ सांगितलं होतं. लेखकाचं नाव द्या, जावयाचा जीव वाचेल. छापणारे हात हजार आहेत, आम्हाला डोकं हवंय. खटला गुरुवारी, ७ एप्रिलला. तोवरच ही सवलत. मी आत जाऊन जर्व्हिसचे पाय धरायचे बाकी ठेवले.

"नाव माहीत नाही, बाबा."

"खोटं बोलतोस. पानं काय खिडकीतून उडत आली?"

"तसंच समजा."

"तुला बायको आहे, लेकरू आहे!"

"आहे ना," तो म्हणाला. "म्हणून तर." म्हणून तर म्हणजे काय? बायको-लेकरू असलेला माणूस उलट पहिल्या दिवशी बोलेल. कोठडीत माणसाचं डोकं फिरतं म्हणतात, ते खरं असावं.

निघताना माझा हात दाबून म्हणाला, "टॅमीला सांगा, मी बरा आहे. आणि सांगा, तिने गप्प बसायचं. माझी शपथ घाला." घरी येऊन शब्दाला शब्द सांगितला. टॅमसिन हल्ली गप्पच तर असते, आणखी किती गप्प बसवायची?

२ एप्रिल, शनिवार

आज तोल गेला. टॅमसिनसमोर त्या लेखकाला मनसोक्त शिव्या दिल्या. लिहून ठेवतो, कारण शिवी दिली तर ती कबूल करायची हिंमत हवी.

म्हटलं, "कुठेतरी ऊबदार खोलीत बसून खात असेल तो! ज्याच्या शब्दांसाठी दुसरा मरतोय त्याने आरशात बघावं कसं? मी म्हणे वाकणार होतो त्याच्यापुढे! आता भेटला तर थुंकेन. माणूस असता तर स्वतःच्या पायांनी जाऊन म्हणाला असता, हा मी, त्याला सोडा."

टॅमसिन पीठ मळत होती. तिचे हात पिठातच राहिले.

"आणि त्याला लहान मूल असेल तर, बाबा?" तिने विचारलं.

"हेस्टर लहान नाही? की तिचा बाप फुकटचा आहे?"

"आणि गेलं तरी सोडतीलच कशावरून?"

"शब्द दिलाय त्या अधिकाऱ्याने मला. तोंडावर."

ती मान खाली घालून पुन्हा मळायला लागली. भाकर आज दगडासारखी झाली. मी खाल्ली.

५ एप्रिल, मंगळवार

डॉर्कस टोपली रिकामी घेऊन आली. आता कालवंसुद्धा विकायला भिते. म्हणाली, राजाने आज सही केली. तीन वर्षांचा कायदा गेला. नवा केलाय म्हणतात, पण राजाने पार्लमेंट नाहीच बोलावलं तर पुढे काय, ते त्यात कुठे लिहिलेलं नाही.

"मग कशासाठी हे सगळं झालं?" मी विचारलं.

डॉर्कसने पहिल्यांदाच थट्टा केली नाही. टॅमसिनकडे बघून म्हणाली, "लोकांनी वाचलं ना, पोरी. माझ्या टोपलीतून तीनशे गेली. वाचलेलं परत घेता येत नाही कुणाला." मग तिने टॅमसिनला पोटाशी धरलं, बराच वेळ. दोघींची एवढी माया कधी जमली ते मला कळलं नव्हतं.

परवा खटला. मला साक्षीला बोलावणं आलंय. पुठ्ठा माझा आहे का, एवढंच विचारणार. शपथेवर नाही कसं म्हणू? आणि हो कसं म्हणू?

६ एप्रिल, बुधवार

देवा, तुझे उपकार! सकाळपासून हातापायांत जीव आलाय.

टॅमसिन पहाटे उठली, डोक्यावरून न्हाली, निळी शाल काढली. लग्नातली. मला उठवून म्हणाली, "बाबा, मी त्या अधिकाऱ्याकडे जाते. लेखकाचं नाव सांगायला."

मी ओरडलोच. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि दोन आठवडे जीव कुरतडून घेतलास? माझ्याशी सुद्धा बोलली नाहीस?"

"जर्व्हिसची शपथ होती. पण तुमचं म्हणणं पटलं मला," ती म्हणाली. "माणूस असेल तर जावंच."

मी तिला रागे भरलो, मग जवळ घेतलं, मग पुन्हा रागे भरलो. बरं वाटलं की, आजवर मुलीला वाढवताना चार शहाण्या गोष्टी बोललो असेन, त्यातली एक तरी कामाला आली. म्हटलं, "मी येतो बरोबर. तू कशाला एकटी?" तर नको म्हणाली. हेस्टरजवळ कुणीतरी हवं. नाव तेवढं विचारलं. म्हणाली, "संध्याकाळपर्यंत कळेल तुम्हाला. मग रागावू नका." मी कशाला रागावू? त्या लेखकाचं वाईट वाटतंय, नाही असं नाही. जे लिहिलं ते चांगलंच लिहिलं होतं. पण ज्याचं त्याने निस्तरावं. आणि जर्व्हिस सुटला की मला कोर्टात उभं राहायला नको.

जाताना हेस्टरच्या किती सूचना! दुधात भाकर कुस्करून द्या, पण साय काढून. डावा कान दुखतो, थंडीत लोकर घाला. अंधाराला भिते, झोपेपर्यंत बोट धरा. चार वर्षांची झाली की अक्षरं शिकवा, मला शिकवलीत तशी, रद्दीवरून. हेस्टर अजून दोनची नाही! मी हसून म्हटलं, "अगं, दुपारपुरती चाललीस ना? तोवर मी तिला अक्षरं शिकवू?" आई झाली की बायकांचं असंच होतं. हेस्टरला तिने एवढं घट्ट धरलं की पोर रडायला लागली, तेव्हा माझ्याकडे दिली आणि मागे न बघता गेली.

आत्ता चारचे टोले पडले. वाटाणे शिजत घातलेत. तुरुंगातलं खाऊन जर्व्हिसच्या पोटाची वाट लागली असणार, म्हणून पातळच केलेत. आग चांगली पेटली आहे. हेस्टर माझं बोट धरून दाराशी उभी आहे आणि रस्त्यात निळं काही दिसलं की ओरडते. तीन वेळा ओरडली. तिन्ही वेळा दुसरंच कुणीतरी होतं.